सही सगळ्यांची, आकडा कोणाचा?

गेल्या महिन्यात तालुक्याच्या ठिकाणी शेतकरी गट आणि महिला बचत गटांच्या प्रतिनिधींची बैठक झाली. विषय एका ओळीचा होता: येत्या हंगामाची उद्दिष्टे वरून ठरवून द्यावीत की गटांनी आपापली ठरवावीत? एका अनुभवी वक्त्यांनी सांगितले की, लोकांना विचारत बसलो तर मृग जाईल, आर्द्राही जातील आणि कागदावर एक ओळ उमटणार नाही. तेव्हा लक्ष्यांक द्यावा, पाठपुरावा करावा आणि मार्चअखेर हिशेब मागावा. दुसऱ्या वक्त्यांनी तितक्याच ठामपणे 'गाव करी ते राव न करी' ही म्हण ऐकवली आणि लोकांना विचारले की लोक आपोआप राबतात, असे सांगून टाळ्या मिळवल्या. पुढचे दोन तास सभागृह या दोन टोकांमध्ये विभागले गेले. जेवणाची वेळ झाली तेव्हा दोन्ही बाजूंना आपणच जिंकलो असे वाटत होते, आणि प्रश्न मात्र सकाळी होता तिथेच होता.

तो वाद चुकीच्या पायावर उभा होता, असे माझे मत आहे. दोन्ही बाजू गृहीत धरत होत्या की, लोकांना उद्दिष्ट ठरवण्यात सामील करून घेण्याचा फायदा झालाच तर तो उत्साहाचा असतो. एकाला तो उत्साह परवडत नव्हता आणि दुसऱ्याला तो फुकट मिळतो असे वाटत होते. प्रत्यक्षात मोठा फायदा वेगळाच आहे. सोबत काम करणारी माणसे आकडा ठरवायला बसतात तेव्हा कोणाकडे पाणी आहे, कोणावर कर्ज आहे, कोणाच्या घरी दुखणे आहे आणि कोणाला कोणती तारीख झेपत नाही, हे सगळ्यांच्या कानावर पडते. हे कळलेली माणसे पुढे एकमेकांच्या मदतीला जाऊ शकतात. न कळलेली माणसे फक्त एकमेकांवर लक्ष ठेवतात. मात्र हे घडायला एक अट आहे. बसलेल्या माणसाला तो आकडा बदलता आला पाहिजे. तो अधिकार नसेल तर बैठक घेण्यापेक्षा सरळ हुकूम दिलेला बरा, कारण हुकमात निदान खोटेपणा नसतो.

आपल्याकडे सहभागाची मोजणी होते ती सह्यांनी. समाजमंदिरात सतरंजी अंथरली जाते, हजेरीचे रजिस्टर फिरते, ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा घेतला जातो, मोबाईलवर फोटो निघतो, आणि आधीच लिहून आणलेला ठराव वाचून दाखवला जातो. 'सगळ्यांना मान्य आहे ना?' या प्रश्नानंतर जी शांतता पसरते तिला इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' म्हणतात. या शांततेत नेमके काय दडलेले असते, हे विचारण्याचे कष्ट ना लक्ष्यांकवाल्यांनी घेतले, ना टाळ्या मिळवणाऱ्यांनी.

वरून दिलेल्या उद्दिष्टाची बाजू दुबळी आहे असे मात्र कोणी समजू नये. तिच्यामागे इतिहास आहे आणि तो आपल्याच भागातला आहे. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात असहकाराचा ठराव झाला, चार आणे वर्गणीची सभासदत्वाची घटना आली, आणि वर्षभरात स्वराज्य ही घोषणा देशभर गेली. पुढच्याच वर्षी बेझवाड्याच्या (आताच्या विजयवाड्याच्या) काँग्रेस बैठकीत ३० जूनपर्यंतचे तीन आकडे ठरले: टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये, एक कोटी सभासद आणि वीस लाख चरखे. हे आकडे खेड्यातल्या कोणाला विचारून ठरवले नव्हते. तरी फंडाचा कोटी पुरा झाला. स्पष्ट, कठीण आणि मुदतीचा आकडा माणसाला हलवतो; 'जमेल तेवढे करा' असे सांगितल्याने कोणी हलत नाही. हे नाकारण्यात अर्थ नाही. बैठकीला येणाऱ्या मजूर बाईचा दिवस बुडतो, हेही खरे आहे. तिच्या सहभागाचे गुणगान करणाऱ्या आपल्यासारख्यांचा दिवस बुडत नाही, हे त्याहून खरे आहे.

अभ्यासकांचा पुरावाही पहिल्या वक्त्यांच्या बाजूने बऱ्यापैकी उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. उद्दिष्टांच्या परिणामांवर काम करणारे गॅरी लॅथम सांगत होते की, आकडा कोणी ठरवला याने फरक पडत नाही, आकडा स्पष्ट आणि कठीण असला की पुरे. मिरियम एरेझ यांना मात्र आपल्या प्रयोगांत सहभागाने मोठा फरक पडलेला दिसत होता. शेवटी दोघांनी एडविन लॉक यांना मध्यस्थ म्हणून घेतले, एकत्र बसून प्रयोग आखले आणि १९८८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. भांडणारे दोन पक्ष एकाच मांडवात बसून पुरावा तपासतात, ही गोष्ट आपल्या तालुक्याच्या बैठकीने शिकावी अशीच आहे. फरकाचे कारण साधे निघाले. लॅथम आकडा देताना तो का दिला हे समजावून सांगत आणि तो गाठता येईल असा विश्वास दाखवत. एरेझ यांच्या प्रयोगात आकडा तुटकपणे फेकला जाई. कारण सांगून दिलेला आकडा सहभागाने ठरवलेल्या आकड्याच्या जवळपास पोचत होता. तेव्हा सहभाग हा एखादा मंत्र आहे असे मानणाऱ्यांचा दावा इथे कोसळतो. पण लक्ष्यांकवाल्यांनी यावर फार आनंदून जाऊ नये. आपल्याकडे वरून येणाऱ्या आकड्यासोबत कारण येते का? की फक्त 'वरून आले आहे' एवढेच येते?

शिवाय ते प्रयोग आणि आपले गट यांत एक मोठा फरक आहे. प्रयोगात आकडा देणाऱ्याचा थोडा तरी धाक असतो आणि कारखान्यात पगाराची दोरी वरच्याच्या हातात असते. गटात अध्यक्ष आणि सभासद दोघांचेही पोट आपापल्या वावरावर असते. अध्यक्ष कोणाचा पगार कापू शकत नाही, कोणाला कामावरून काढू शकत नाही. फार तर बोलणे बंद करू शकतो. अशा ठिकाणी दिलेला आकडा पाळला जाण्यासाठी तो आपला वाटण्यावाचून दुसरा आधारच नसतो.

जुन्या प्रयोगांपैकी दोन तर जोडीनेच वाचायला हवेत. १९४८ मध्ये लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी अमेरिकेतल्या व्हर्जिनियात पायजमे शिवणाऱ्या कारखान्यातले निरीक्षण मांडले. कामाची पद्धत आणि नगावरचा दर बदलायचा होता. ज्या गटाला बदल फक्त सांगण्यात आला त्यातले १७ टक्के कामगार चाळीस दिवसांत सोडून गेले आणि उरलेल्यांचे काम खाली आले. ज्या गटांतल्या सगळ्यांनी बसून नवी पद्धत आखली त्यांतले कोणी गेले नाही, आणि त्यांचे काम लवकरच पूर्वीच्या पुढे गेले. हा दाखला सहभागवाले नेहमी देतात. पण फ्रेंच यांनी सहकाऱ्यांबरोबर तसाच प्रयोग नॉर्वेतल्या पादत्राणांच्या कारखान्यात केला आणि १९६० मध्ये जाहीर केले की उत्पादनात काही फरक पडला नाही. असे का व्हावे? तिथे कामगारांना ज्या बाबींत विचारले गेले त्या किरकोळ होत्या, आणि असे प्रश्न आपल्या संघटनेमार्फत सुटावेत अशी त्यांची रीत होती. म्हणजे जे हातात खरोखर दिले नाही त्याचे फळही मिळाले नाही. दुसरा दाखला न देता पहिलाच सांगणाऱ्यांनी सहभागाचे नुकसान अधिक केले आहे, असे मला वाटते.

आता गावात येतो, कारण या प्रश्नावरचे माझे मत पुस्तकांतून कमी आणि पऱ्हाटीतून, म्हणजे कापसाच्या झाडांतून, अधिक तयार झाले आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस खाल्ला, हे इथल्या कोणाला सांगायला नको. तेव्हापासून कृषी विभाग आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आली आहे: फरदड घेऊ नका. वेचणी संपल्यावर पऱ्हाटीला पुन्हा पाणी आणि खत देऊन मार्चपर्यंत कापूस काढत राहिले की अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळते. उभी पऱ्हाटी डिसेंबरअखेर काढली तर तिची साखळी तुटते. यात अडचण अशी की अळीचा पतंग धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओळखत नाही. एकोणीस जणांनी पऱ्हाटी काढली आणि विसाव्याने ठेवली, तर एकोणीस जणांचे कष्ट पाण्यात जातात. गटाने मिळूनच गाठावे असे याहून नेमके उद्दिष्ट शेतीत क्वचित सापडेल.

आमच्या गटाने ते पहिल्या वर्षी मोठ्या दिमाखात ठरवले. ठराव मी लिहिला होता, हे आधीच कबूल करतो. 'गटातील एकही सभासद ३१ डिसेंबरनंतर पऱ्हाटी उभी ठेवणार नाही,' असे शुद्ध मराठीतले वाक्य मी हनुमान मंदिराच्या पारावर वाचून दाखवले, वीसच्या वीस सह्या झाल्या, पेढे वाटले. फेब्रुवारीत सहा वावरांत हिरवीगार पऱ्हाटी डोलत होती. त्यातले एक वावर तर पाराच्या अगदी समोरचे होते. मग सुरू झाले ते आपल्या ओळखीचेच: सह्या करून फिरलेल्यांची नावे चहाच्या टपरीवर निघू लागली, त्यांतल्या दोघांनी बैठकीला येणे सोडले, आणि ज्यांनी पऱ्हाटी काढली होती त्यांना आपण मूर्ख ठरलो असे वाटू लागले. गट एका चांगल्या उद्दिष्टानेच मोडायला आला होता.

पहिल्या वक्त्यांनी याचा अर्थ लगेच लावला असता: पाठपुरावा कमी पडला. दुसऱ्यांनीही लावला असता: लोकांना विश्वासात घेतले नाही. पण सगळे तर हजर होते, सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. मग विश्वासात घेणे म्हणजे आणखी काय करायचे होते? याचे उत्तर पुढच्या पोळ्यानंतर मिळाले, जेव्हा आम्ही सगळ्यांना एकत्र न बसवता तीन ठिकाणी बसलो: विहिरीवाले वेगळे, कोरडवाहूवाले वेगळे आणि ठोक्याने, म्हणजे दुसऱ्याचे वावर वर्षाच्या बोलीवर घेऊन, शेती करणारे वेगळे. कोरडवाहूवाल्यांना फरदड परवडतच नाही, कारण पाणीच नाही. त्यांनी सही केली त्यात त्याग काहीच नव्हता. विहिरीवाल्यांचे म्हणणे होते की, जानेवारीनंतर मिळणारे दोन-तीन क्विंटल हे पेरणीच्या खर्चाशिवाय हाती येतात आणि तोच पैसा उन्हाळ्यात घर चालवतो; पऱ्हाटी उपटून हरभरा पेरायचा तर उशीर होतो आणि बियाणे उधारीवर मिळत नाही. ठोक्याने करणाऱ्यांची गोष्ट तर आमच्या ध्यानीमनीही नव्हती. त्यांच्या ठोक्याचे साल गुढीपाडव्याला संपते. वावर पुढच्या वर्षी आपल्याकडे राहील की नाही हे माहीत नसताना पुढच्या वर्षीच्या अळीसाठी या वर्षीचा कापूस त्यांनी का सोडावा? ही तिन्ही उत्तरे गावात कायमच होती. फक्त ती वीस माणसांसमोर, तयार ठरावापुढे, कोणी बोलणार नव्हते.

त्यानंतर ठरलेला आकडा पहिल्यापेक्षा 'वाईट' होता. तारीख ३१ डिसेंबरवरून १५ जानेवारीवर गेली, कारण शेवटच्या वेचणीला मजूर मिळत नाहीत. हरभऱ्याचे बियाणे गटाच्या बचतीतून आधी उचलायचे ठरले. रिकाम्या होणाऱ्या वावरांत मेंढ्या बसवण्याची बोलणी एकाने अंगावर घेतली. मेंढ्या उरलीसुरली बोंडे खातात आणि वावराला खत मिळते. घराशेजारी सरपणासाठी रचलेल्या पऱ्हाटीच्या ढिगांत अळी तग धरते, हे एका म्हातारबांनी लक्षात आणून दिले, तेव्हा ढिगांचाही समावेश झाला. माझ्या शुद्ध ठरावात ढिगांचा उल्लेखच नव्हता. तज्ज्ञाच्या कसोटीवर १५ जानेवारी ही तारीख कमी गुणांची आहे. पण कागदावरची ३१ डिसेंबर आणि वावरातली १५ जानेवारी यांतली अळीला कोणती अधिक त्रासदायक?

लोकांच्या हाती दिले तर ते सोपा आकडा निवडतील, हा आक्षेप इथे घेतला जाईल. तो कधी कधी खराही ठरतो. पण १९७५ मध्ये गॅरी लॅथम आणि गॅरी यूकल यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लाकूडतोड्यांच्या टोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातल्या कमी शिकलेल्या टोळ्यांत ज्यांनी आपला आकडा स्वतः बसून ठरवला त्यांचे काम, आकडा मिळालेल्या टोळ्यांपेक्षा जास्त भरले आणि त्यांनी तो आकडा अधिक वेळा गाठला. शिकलेल्या टोळ्यांत तसा ठळक फरक दिसला नाही. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. शिकलेल्या माणसाला वरचा आकडा खोडून काढायचे अन्य मार्ग असतात: तो पत्र लिहितो, नियम दाखवतो, ओळख काढतो. ज्याला हे जमत नाही तो माणूस मान हलवतो आणि काम आपल्या गतीने करतो. त्याचा नकार वहीत उमटत नाही, कामात उमटतो. आपले बहुतेक गट या दुसऱ्या प्रकारच्या माणसांचे आहेत. राहिला सोप्या आकड्याचा प्रश्न, तर जो आकडा सोपा दिसतो तो पुष्कळदा फक्त खरा असतो.

याच गटाची दुसरी गोष्ट माझ्या मताच्या विरोधात जाते, म्हणून तीही सांगतो. फरदडीचे जमल्यावर आमचा आत्मविश्वास वाढला आणि आम्ही स्वच्छ कापसाचे उद्दिष्ट घेतले. जिनिंगवाले कचरा, पाला आणि प्लास्टिकच्या गोणीचे धागे असलेल्या कापसाला दर कमी देतात, म्हणून पाला न लागलेला, कवडी (किडका कापूस) वेगळी काढलेला कापूस विकायचा. या वेळी वीसही जणांना मोकळेपणाने बोलू दिले, आकडा दोनदा बदलला, सगळे पुस्तकाप्रमाणे झाले. कापूस मात्र होता तसाच आला. एका सकाळी वावरात उभा राहून मी वेचणी करणाऱ्या बायांना जरा तक्रारीच्या सुरात विचारले, तेव्हा कमरेला फडके बांधलेली एक वयस्क बाई कापूस काढता काढताच म्हणाली, "किलोवर पैसे देता अन् एकेक पान निवडाले लावता, मंग आमचं पोट कसं भरन, भाऊ?" तिने हात थांबवला नव्हता. थांबवला असता तर तिचेच पैसे गेले असते. स्वच्छ कापसाचे उद्दिष्ट ज्या हातांनी गाठायचे होते ते हात आमच्या बैठकीत नव्हतेच. आम्ही त्यांना गटाचे मानलेच नव्हते. बैठकीत कोण हवे हा प्रश्न आकडा कोण ठरवणार या प्रश्नाच्या आधी येतो, आणि तो आम्ही विचारला नाही. पुढे स्वच्छ वेचणीला किलोमागे जास्त दर आणि बायांना सुती पोती, एवढे दोनच बदल झाले, तेही त्यांच्याच सांगण्यावरून. सकाळी दहिवर असताना वेचायला बोलावू नका, ओल्या कापसाला पाला चिकटतो, हेही त्यांनीच सांगितले.

मोठ्या प्रमाणावर काय होते याचे उदाहरण पाहायला विदर्भाबाहेर जायची गरज नाही, कारण ते पवनारच्या धाम नदीकाठच्या विनोबांच्या आश्रमाशी जोडलेले आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदान सुरू झाले तेव्हा त्यामागे आकडा नव्हता. हरिजनांनी जमीन मागितली आणि गावातल्या एकाने ती दिली. आकडा नंतर आला: १९५७ पर्यंत पाच कोटी एकर. विनोबांच्या हेतूविषयी आणि पायपिटीविषयी कोणाला शंका असण्याचे कारण नाही. प्रत्यक्षात जमीन त्याच्या दहाव्या हिश्शापर्यंतही पोचली नाही, आणि मिळालेल्यातलीही बरीच नापीक किंवा वादातली निघाली. पुढे ग्रामदानाच्या, म्हणजे गावाची जमीन गावाच्याच नावे करण्याच्या, बाबतीत तर बिहारमध्ये १९६५ पासून तुफान आले आणि १९६९ मध्ये सारे राज्यच दान झाल्याचे जाहीर झाले. गावकऱ्यांच्या सह्या होत्या, संकल्पपत्रे होती. पण त्या सह्यांमागे गावाने आपसात किती रात्री काढल्या होत्या? जी गावे तुफानात आली त्यांतली बहुसंख्य तुफानासोबत ओसरली, कारण जमिनीचे प्रत्यक्ष हस्तांतर फार थोड्या ठिकाणी झाले.

याच्या उलट गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा पाहावे. सुमारे पाचशे वस्तीचे हे गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सगळ्यांना पाठ आहे. त्यामागची कंटाळवाणी रीत फार थोड्यांना ठाऊक आहे. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एक जण जरी अडला तरी विषय पुढच्या बैठकीला जातो. त्याशिवाय अभ्यास गट चालतो, जिथे निर्णय घ्यायचा नसतो, फक्त समजून घ्यायचे असते. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने ही रीत वर्षानुवर्षे चालली. २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती दिले. आणि ज्या ग्रामदानाच्या घोषणा साठच्या दशकात लाखोंनी झाल्या, ते ग्रामदान या गावाने १९६४ च्या कायद्याखाली २०१३ मध्ये केले. कायदा झाल्यापासून ४९ वर्षे गेली होती. कोणाला हा वेग फारच कमी वाटेल. परंतु जंगल राखायचे तर रोज कोणीतरी कुऱ्हाड न उचलण्याचे ठरवावे लागते, आणि तो निर्णय घरोघरी, पाहणारे कोणी नसताना घ्यायचा असतो. त्याला पाठपुरावा करणारा अधिकारी कुठून आणणार?

सर्वसहमतीच्या नावाखाली दांडग्याचेच चालते, हा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो. ज्याच्या ट्रॅक्टरने वावर नांगरायचे, ज्याच्या दुकानातून उधारी चालते, त्याच्यासमोर 'मला जमणार नाही' असे कोण म्हणेल? गावातली सतरंजी सगळ्यांना एका पातळीवर बसवते, पण बसणाऱ्यांची पातळी एक नसते. याला उत्तर बैठक बंद करणे हे नाही. बैठकीआधीच्या बैठका हे आहे. महाराष्ट्राच्या कायद्याने नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असे सांगितले आहे, ते उगाच नाही. सासरे, दीर समोर नसताना बाई जे बोलते ते ग्रामसभेत बोलत नाही, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते. ती सभा बहुतेक ठिकाणी रजिस्टरातच होते, हा कायद्याचा दोष नव्हे. आमच्या गटाने तीन ठिकाणी बसणे हीसुद्धा त्याचीच साधी नक्कल होती.

सगळेच मताला टाकावे असेही माझे म्हणणे नाही. मादीच्या वासाची गोळी ठेवून नर पतंग पकडणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री दररोज आठ किंवा अधिक पतंग सापडले की उपाय करावा, ही मर्यादा शास्त्राने ठरवली आहे. ती सातवर आणावी की बारावर न्यावी, हे पारावर ठरत नाही. बाळाच्या लसीची तारीख, फवारणीच्या वेळी तोंडाला बांधायचे कापड, या गोष्टी मतदानाच्या नाहीत. पण सापळा कोणाच्या वावरात लावायचा, रोज सकाळी पतंग कोण मोजणार, तो आजारी पडला तर कोण मोजणार, हे शास्त्र सांगत नाही. वरच्यांनी मर्यादा द्यावी आणि तिच्यापर्यंत जायची वाट गटाने आखावी, ही वाटणी नीट न केल्याने काय होते हे देशाने आणीबाणीत, १९७६ मध्ये पाहिले. कुटुंबनियोजनाचे लक्ष्य शिक्षकांपासून तलाठ्यांपर्यंत वाटले गेले, माणसे मोजली गेली, आकडे गाठलेही गेले, आणि त्या कार्यक्रमाबद्दल खेड्यात जी भीती बसली ती पुढे वर्षानुवर्षे निघाली नाही. अखेर एप्रिल १९९६ मध्ये सरकारनेच ते लक्ष्य देणे बंद केले. आकडा गाठला म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांनी ती वीस वर्षे आठवावीत.

तालुक्याच्या त्या बैठकीत चहाच्या वेळी मला एकाने विचारले की, एवढे करूनही एखादा नाहीच म्हणाला तर? आमच्याकडे तसे झाले आहे. दुसऱ्या वर्षी एका सभासदाने सगळ्यांसमोर सांगितले की, मी पऱ्हाटी काढणार नाही. मुलीचे लग्न मार्चमध्ये आहे आणि मला तो पैसा हवा आहे. सही करून फिरणे त्याला पहिल्या वर्षीसारखे सोपे होते. त्याने ते केले नाही. थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग त्याच्या धुऱ्याला लागून वावर असलेल्या दोघांनी सापळे त्याच्या बाजूला सरकवले, गटाच्या पैशातून त्या वावरासाठी चार जास्तीचे सापळे आणि त्यांत ठेवायच्या वासाच्या गोळ्या आणायचे ठरले, आणि रोज सकाळी पतंग मोजून वहीत लिहिण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले. त्या हंगामातली ती वही माझ्याकडे आहे. फेब्रुवारीच्या पानांवर त्याच्या वावरातले आकडे बाकीच्यांपेक्षा मोठे आहेत, आणि ते त्याच्याच अक्षरात लिहिलेले आहेत.